दहिसर नदीच्या काठाने

चपला काढून हातात घ्या. कातळ ओला आहे, त्यावर शेवाळ धरले आहे आणि खालच्या घळीत ओहोळ भरून वाहतो आहे. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली. तुम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात उभे आहात, पण उद्यान अजून व्हायचे आहे. फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, डांबरी रस्ता नाही. खालच्या सपाटीवर भातखाचरे आहेत, त्यांच्या पुढे तिवरांची दाट पट्टी आणि तिच्याही पलीकडे खाडी. आज तुम्हांला या डोंगरापासून त्या खाडीपर्यंत दहिसर नदीच्या काठाने जायचे आहे. नदी जेमतेम बारा किलोमीटरची, वाट मात्र दोन हजार वर्षांची.

कान्हेरी, इसवी सन १५० च्या सुमारास

पाऊस थांबला तशी छिन्नी पुन्हा सुरू झाली. डोंगराच्या पोटात पाथरवट बसले आहेत आणि त्यांच्या हातोड्यांचा ठेका घळीच्या या अंगाहून त्या अंगाला घुमतो आहे. लोक या डोंगराला कण्हसेल म्हणतात. भिक्खूंचा वर्षावास चालू आहे. पावसाळाभर त्यांनी हिंडायचे नाही, एका ठिकाणी राहून अभ्यास आणि ध्यान करायचे, असा नियम. म्हणून डोंगरावर बरीच गर्दी आहे. कातळात कोरलेल्या पायऱ्या एका लेण्यातून दुसऱ्या लेण्याकडे नेतात, आणि प्रत्येक ओसरीत कोणी ना कोणी बसलेले दिसते.

एका ओसरीपाशी थांबा आणि बाजूच्या कोनाड्यात डोकवा. कोनाड्याच्या तळाशी कातळातच चौकोनी तोंड कोरलेले आहे. तोंड लहान, आतले पोट मोठे. ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके. आता मान वर करून लेण्याचा माथा पाहा. उतरत्या कातळावर बारीक पन्हळी खोदल्या आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस त्या पन्हळींनी वळत वळत येतो आणि थेट पोढीत उतरतो. सूर्याचे ऊन आत पोचत नाही, पाचोळा पडत नाही. ओंजळभर प्या, दात शिवशिवतील. चार महिने पडणारे पाणी बारा महिने पुरवायचे, हे कोडे इथल्या लोकांनी छिन्नीने सोडवले आहे. पुढे या डोंगरावर शंभराहून अधिक लेणी होतील आणि त्यांतल्या बऱ्याच लेण्यांना स्वतःची पोढी असेल. घळीतल्या ओहोळावरही बांध घातला जाईल.

पोढीच्या वर अक्षरे आहेत, ब्राह्मी लिपीत. बोट फिरवून पाहा, कडा अजून धारदार लागतात. ज्याने पैसे दिले त्याचे नाव, गाव आणि धंदा त्यात कोरून ठेवला आहे. कल्याणच्या सोनाराने पोढी दिली आहे, सोपाऱ्याच्या मणिकाराने दिली आहे. चेमुल म्हणजे आजच्या चौलकडच्या लोकांचीही नावे या डोंगरावर आहेत. सोपारा, कल्याण, चेमुल ही बंदरे आहेत, तिथून रोमन साम्राज्याच्या बाजारांपर्यंत माल जातो. माल आणि नफा घेऊन जाणारी माणसे या डोंगराखालून ये-जा करतात, आणि वर चढून आली की पाण्याचे दान करतात.

यातली एक पोढी साधीसुधी नाही. तिच्यावरचा लेख संस्कृतात आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी कार्दमक क्षत्रपांच्या घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी. तिच्या शतेरक नावाच्या अमात्याने हे पाण्याचे टाके दान दिले, असा त्याचा आशय. लेखातले महाक्षत्रपाचे नाव तुटले आहे, पण बहुतेक अभ्यासक तो रुद्रदामन असे मानतात. त्याच रुद्रदामनाने जुनागढच्या खडकावर आपला पराक्रम लिहवून घेतला आहे. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवले, पण जवळचे नाते म्हणून त्याचा नाश केला नाही, असे तो तिथे सांगतो. आणि तो जुनागढचा लेख मुळात आहे कशाबद्दल? गिरनारच्या पायथ्याचा सुदर्शन तलाव वादळात फुटला, तो पुन्हा बांधून काढल्याबद्दल. बापाने सौराष्ट्रात तलाव दुरुस्त केला, लेकीच्या अमात्याने कोकणात टाके कोरवले. दोन घराण्यांचे वैर आणि सोयरीक, दोन्हींची साक्ष पाण्याच्या काठी कोरलेली आहे, आणि त्यातले एक पाणी तुमच्या बोरिवलीचे आहे.

निघण्यापूर्वी थोडे पुढचे साल गाठा आणि मोठ्या चैत्यात जा. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते काम हाती घेतले. काही खांबांवर हत्ती-घोडे कोरून झाले आहेत, काही खांब नुसते अष्टकोनी राहिले आहेत. ओसरीत दोन्ही बाजूंना आज जे सुमारे सात मीटर उंचीचे बुद्ध उभे आहेत, ते अजून कातळातच आहेत. त्यांना बाहेर यायला आणखी तीनेकशे वर्षे लागतील.

मंडपेश्वर, सहावे ते आठवे शतक

आता पाण्याच्या बाजूने खाली उतरा. डावीकडे मागाठाण्याच्या टेकाडात सहाव्या शतकातले बौद्ध लेणे कोरले जात आहे. नदीचे पात्र रुंदावत जाते, वाळू दिसू लागते. पुढे एका बुटक्या टेकडीपाशी ती अगदी पायथ्याला घासून वाहते. इथे वेगळे देव कातळातून बाहेर येत आहेत.

मंडपेश्वराच्या पायऱ्यांवर उभे राहिलात तर समोर नदी आणि पाठीशी मंडप. घारापुरीची आठवण व्हावी असे जाड, उशीसारख्या माथ्याचे खांब. आत गाभाऱ्यात लिंग. डावीकडच्या दालनात भिंतभर पट आहे, त्यात बहुभुज शिव नाचतो आहे. गुडघा वाकलेला, कंबर वळलेली, भोवती देवगण दाटीवाटीने ते नृत्य बघायला जमलेले. पाथरवट दिवटीच्या उजेडात त्याच्या एका हाताची बोटे सोडवतो आहे. दिवटी हलली की भिंतीवरची सावली हलते आणि दगडातले नृत्य क्षणभर खरे वाटते. कान्हेरीत बुद्ध, इथे शिव, तिकडे जोगेश्वरीच्या लेण्यात पुन्हा शिव. साष्टी बेटाच्या या पट्ट्यात धर्म एकमेकांशेजारी कोरले जात आहेत, आणि पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो.

पुन्हा कान्हेरी, १००९

एकदा परत डोंगर चढा. मधल्या काळात राजे बदलले. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्ष सम्राट आणि त्याचे मांडलिक शिलाहार कोकणात राज्य करत असताना, थेट गौड देशातून म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने या विहाराला शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून दिले. ती नोंद अकरा क्रमांकाच्या मोठ्या दालनात, ज्याला आज दरबार म्हणतात तिथे, वाचायला मिळते.

आता १००९ चा ऑक्टोबर आहे. पाऊस सरला आहे, गवत छातीपर्यंत आले आहे. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात काही पाहुणे शिरतात. त्यांची भाषा तुम्हांला कळत नाही. ते पारशी आहेत. भिंती पाहून होतात, मूर्ती पाहून होतात आणि मग ते तिथे आपली आणि आपल्या वडिलांची नावे पहलवी लिपीत लिहितात, तारखेसकट. असे लेख १००९ मध्ये लिहिले गेले आणि पुन्हा १०२१ मध्ये. ही माणसे भिक्खू नव्हती, दातेही नव्हती, ती केवळ हे स्थळ बघायला आली होती. बोरिवलीला प्रवासी येतात याची ही हजार वर्षांपूर्वीची तारीखवार नोंद आहे. भिक्खूंची संख्या तोवर ओसरू लागली होती. पोढ्या मात्र भरतच होत्या.

एकसर, १२६५ च्या सुमारास

नदीच्या मुखाकडे चला. खाऱ्या वाऱ्याचा वास येतो, पायाखाली चिखल लागतो. गाव एकसर. ठाण्याच्या शिलाहारांचे राज्य शेवटच्या घटका मोजते आहे. देवगिरीचा यादव राजा महादेव कोकणावर चालून आला आहे. त्याच्याकडे हत्ती आहेत, शिलाहार सोमेश्वराची सारी भिस्त आरमारावर आहे. जमिनीवर हरलेला सोमेश्वर जहाजे घेऊन समुद्रात शिरतो, आणि तिथेही त्याचा पाठलाग होतो. यादवांचा मंत्री हेमाद्री पुढे लिहील की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्राचा वडवानल बरा वाटला. सोमेश्वर बुडाला, आणि उत्तर कोकणचे शिलाहार राज्य त्याच्याबरोबर संपले.

एकसरला ओळीने उभ्या असलेल्या वीरगळांचा, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मृतिशिळांचा, संबंध बरेच अभ्यासक या युद्धाशी लावतात. काहींना त्या शिळा त्याहून जुन्या वाटतात. कोणताही पक्ष घ्या, पण समोर उभे राहून वाचा. वीरगळ खालून वर वाचायची असते.

शिळा तुमच्यापेक्षा उंच आहे. गुडघे टेकून तळाच्या चौकटीपासून सुरुवात करा. लाटांवर जहाजे एकामागे एक चालली आहेत. डोलकाठ्या उभ्या, कडेला वल्ह्यांची रांग सारख्या अंतराने कोरलेली. शेजारच्या शिळेवर जमिनीवरची लढाई आहे, तिथे हत्ती आहेत. पुढच्या चौकटीत तलवारी, धनुष्ये, पडलेली माणसे. त्याच्या वर त्याच पडलेल्या वीराला अप्सरा उचलून नेतात. सगळ्यात वर तो कैलासात शिवलिंगापुढे बसला आहे, आणि शिळेच्या माथ्यावर कलश. नाव कोणाचेच नाही. कान्हेरीच्या दात्यांनी आपली नावे कोरून घेतली, लढून मेलेल्या या माणसांची नावे राहिली नाहीत, पण त्यांची जहाजे राहिली. मध्ययुगातली नाविक लढाई इतक्या तपशिलाने दगडात कोरलेली भारतात फार थोड्या ठिकाणी दिसते.

फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी आविन्यों नावाचे गाव आहे. तिथे बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला पूल होता, पुरांनी तो मोडला, आता चार कमानी शिल्लक आहेत. नदीच्या मध्यात संपणारा तो पूल बघायला जगभरातून लोक जातात, आणि आपल्याकडची मंडळीही युरोप सहलीत त्यापुढे फोटो काढतात. गावाने तो मोडका पूल जपला, म्हणून तो गावाची ओळख झाला. त्या पुलाच्याच आगेमागे कोरलेल्या एकसरच्या शिळा आज इमारतींच्या गराड्यात उभ्या आहेत आणि शेजारच्या रस्त्याने रोज स्टेशन गाठणाऱ्या हजारोंना त्यांचा पत्ता नाही. दोन्ही गावांना नदी आहे, दोन्हींना मध्ययुग आहे. फरक राखणाऱ्यांत आहे.

मंडपेश्वर, १५३४ ते १७३९

पुन्हा त्या टेकडीपाशी या. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना दिली. काही वर्षांत आंतोनियो द पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री इथे पोचला. लेण्याचा मंडप आता प्रार्थनामंदिर झाला आहे. माथ्यावर जांभ्या-काळ्या दगडांचा मठ उभा राहतो आहे, चुन्याच्या घाण्याचा आवाज येतो आहे. लेण्यातल्या एका पटावर शिल्प तासून त्या जागी मोठा क्रूस कोरला गेला आहे. जवळ जाऊन पाहा, क्रूसाच्या कडेला जुन्या कामाच्या खुणा अजून हाताला लागतात.

नदीकाठच्या गावांतले बरेच कुणबी, कोळी या काळात ख्रिस्ती झाले. देव बदलला, पण शेत तेच, जाळे तेच आणि बोलीही मराठीच राहिली. एकसर, गोराई, मनोरीच्या गावठाणांत आजही तीच मराठी ऐकू येते. १८८७ साली याच समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संघटना उभारली.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मंडपेश्वराच्या गाभाऱ्यात पुन्हा बेल-फूल आले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी बळकावली. आज त्या एकाच टेकडीवर वर मठाचे भग्न अवशेष आहेत, खाली नटराज आहे, बाजूच्या दालनात क्रूस आहे आणि शेजारी भरल्या वस्तीतले इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च. यांतले काहीही दुसऱ्याला पुसून टाकू शकले नाही. नदी तेवढी तिथून निघून गेली. तिचा प्रवाह पायथ्यापासून दूर सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे रस्ता आणि घरे आली.

बोरिवली, १८६७

१२ एप्रिलची सकाळ. विरारहून पावणेसातला सुटलेली गाडी मुंबईकडे, बॅकबेकडे निघाली आहे. बोरिवलीच्या छोट्या फलाटावर तुम्ही उभे आहात. दोन्हीकडे गवत, भातशेती, ताडाची झाडे. दिवसातून एकच गाडी जाते आणि संध्याकाळी तीच परत येते. धूर दिसतो, शिट्टी ऐकू येते, आणि या गावांचे तोंड कायमचे दक्षिणेकडे वळते. इतकी शतके इथले जगणे डोंगर ते खाडी असे, नदीच्या दिशेने चालत होते. आता ते रुळांच्या दिशेने धावू लागेल.

मुंबईला तहान लागली तेव्हा तीही याच डोंगरांकडे आली. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी, १८९१ मध्ये पवई. सातवाहनांच्या पाथरवटांनी जे जाणले होते तेच इंग्रजी अभियंत्यांनी मोठ्या मापावर केले: या डोंगरावरचा पाऊस अडवला. १९५७ मध्ये बोरिवली-दहिसरपर्यंतचा पट्टा बृहन्मुंबईत सामील झाला. खाचरांवर चाळी आल्या, चाळींवर इमारती आल्या.

२६ जुलै २००५ आणि आज

पाणी तुमच्या कमरेला लागले आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला जातो आहे. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या चारही नद्यांनी आपले पात्र मागून घेतले आहे. दौलतनगरच्या आणि दहिसरच्या सखल भागात तळमजले बुडाले आहेत. ज्यांना आयुष्यभर तो नाला वाटला होता, त्या माणसांना त्या संध्याकाळी कळले की आपण नदीच्या पात्रात राहतो.

त्यानंतर पात्र रुंद झाले, काठाला काँक्रीटच्या भिंती आल्या. आज उद्यानात, वारली पाड्यांच्या जवळून वाहते तिथे नदी स्वच्छ आहे, तळाचे गोटे दिसतात. उद्यानाची हद्द संपली की काही मिनिटांच्या अंतरात तिचा रंग बदलतो. गोठ्यांचे शेण, वस्त्यांचे सांडपाणी, कारखान्यांची घाण, प्लास्टिक. कांदरपाड्यापर्यंत पोचते तेव्हा लोक नाकाला रुमाल लावतात. मुखापाशी उभे राहून खाडीपलीकडे पाहिले तर गोराईच्या विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या दगडी घुमटाला आत एकही खांब नाही. उगमाकडे बुद्धाची लेणी, मुखाकडे बुद्धाचा घुमट, आणि मधली नदी सांडपाण्याची.

उपनगराला इतिहास नसतो, इथे सगळे कालपरवा वसले, असे बोरिवलीत जन्मलेली माणसेही म्हणतात. या काठाने चालून आल्यावर तुम्हांला तसे म्हणता येणार नाही. सातवाहन राणीचा अमात्य, बंगालचा उपासक, इराणी वंशाचे प्रवासी, शिलाहारांचे खलाशी, पोर्तुगीज पाद्री आणि पेशव्यांचे शिपाई, या साऱ्यांचा माग बारा किलोमीटरमध्ये लागतो. पण या वारशाची सर्वांत मोठी शिकवण लेण्यांच्या भव्यतेत नाही. सोनाराने कमावले आणि पाणी साठवायला दिले, मणिकाराने कमावले आणि पाणी साठवायला दिले. आपण कमावले आणि त्याच पाण्यात आपली घाण सोडली.

हे उलटवता येते, आणि त्यासाठी राणीचा अमात्य असायला लागत नाही. तुमच्या सोसायटीचे सांडपाणी नेमके कुठे जाते ते विचारा. ते पर्जन्यवाहिनीत सोडलेले असेल तर मलवाहिनीला जोडून घ्या आणि पालिकेकडे पाठपुरावा करा. गच्चीवरचे पावसाचे पाणी टाक्यात उतरवा. मुलांना एखाद्या रविवारी एकसरला न्या, वीरगळ तळापासून वर वाचायला शिकवा, मग मंडपेश्वराचा नटराज दाखवा आणि शेवटी कान्हेरीला पोढीच्या कोनाड्यापुढे उभे करा. आणि तुमच्या दारावरून वाहते तिला नदीच म्हणा, घरात, सभेत आणि अर्जावरही, कारण नाल्याला साफसफाई मिळते, नदीला हक्क मिळतो.